दीड लाखाचं लॉन नको, आधी अंगण मोकळं करा

आपण विचारलंय की आईवडिलांचं बंगलेवजा घर विकायचं आहे, अंगणात रान माजलंय, आणि एका नर्सरीवाल्याने लॉन, कारंजं, रंगीत दिवे मिळून दीड लाखाचा अंदाज दिलाय. तेवढे घातले तर किमतीत वसूल होतील का?

माझ्या मते नाही. आम्ही भावंडांनी सांगलीतलं आमचं साडेचार गुंठ्यांतलं घर विकलं, त्या अनुभवावरून सांगते. जुन्या बंगल्याचा भाव बहुतेक जागेवर ठरतो. घेणारा तुमची बाग विकत घेत नाही, मोकळी जागा घेतो. कदाचित वर्षभरात घर पाडून नवीन बांधेल. त्यामुळे ती जागा त्याच्या डोळ्यांना दिसली पाहिजे, एवढंच अंगणाचं काम.

आमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक आलं ते भर श्रावणात. गेटमधून दोन पावलं आत आले आणि थांबले. आमची काळी माती. चप्पल उचलून बघतात तर तळाला हा एवढा चिखलाचा थर! मागे बोगनवेल आणि जास्वंदीने वाट अडवलेली. ‘मागे जागा किती सुटते?’ असं त्यांनी गेटजवळूनच विचारलं. भाऊ म्हणाला, वीस फूट. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की पटलेलं नाही. पुन्हा फोन आला नाही.

मग आम्ही दोन गडी लावले, तीन दिवस. गाजर गवत माती ओली असतानाच मुळासकट उपटून घेतलं. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं, आणि फुलावर आलं की बी सगळीकडे होतं. हातमोजे द्या गड्यांना, अंगाला खाज सुटते. बोगनवेल छाटली. मागच्या शहाबादी फरशीवर शेवाळ होतं, ते ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं. गेटपासून पायरीपर्यंतचा तीस बाय वीसचा तुकडा होता, तिथे चार इंच मुरूम टाकून धुम्मस केला. हिशेब सोपा आहे: दोनशे घनफूट, म्हणजे दोन ब्रास. वृंदावनाला गेरू. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत झालं. त्यात सगळ्यात जास्त उपयोग मुरमाचाच झाला, कारण त्यानंतर माणसं न अडखळता मागच्या भिंतीपर्यंत चालत जाऊ लागली.

लॉनचं म्हणाल तर बंद घरात त्याला रोज पाणी कोण घालणार? आणि आंब्याच्या दाट सावलीत ते नीट धरतही नाही. पिवळं पडलेलं लॉन मातीपेक्षा वाईट दिसतं.

झाडं तोडायची घाई मात्र करू नका. शहरात झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढची झाडं तर वारसा वृक्ष धरली जातात. कंपाउंडच्या भेगेतून उगवलेलं उंबराचं किंवा पिंपळाचं रोप मात्र लहान असतानाच काढा. ते भिंत फोडतं, शिवाय मोठं झालं की त्याला हात लावायला कोणी तयार होत नाही.

वाचलेल्या पैशांतून मोजणी करून घ्या. भूमी अभिलेखची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात असली आणि हद्दीच्या खुणा गवतात न शोधता दाखवता आल्या, तर भाव पाडायचं एक मोठं निमित्त जातं. आमच्या पूर्वेच्या भिंतीवरून शेजाऱ्यांशी जुनी कुरबुर होती, ती मोजणीनेच मिटली.

एका गोष्टीवरून आमच्यात वाद झाला. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा पाणी आमच्या कंपाउंडला लागलं होतं, त्याची रेघ भिंतीवर होती. भावाला ती रंगवून टाकायची होती. मी नको म्हटलं. सांगलीत घर बघणारा पहिला प्रश्न पुराचाच विचारतो, आणि कुठल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं हे पानपट्टीवालाही सांगतो. रेघ तशीच ठेवली, बोट लावून दाखवली, आणि पाणी पायरी चढलं नाही हेही तिथेच दाखवता आलं.

वेळ साधता आली तर बघा. आम्ही साफसफाई पितृपक्षात उरकली, कारण त्या पंधरवड्यात तसंही कोणी घर बघायला येत नाही, आणि घटस्थापनेपासून दाखवायला सुरुवात केली. झाडं पावसाने धुतलेली असतात, विहीर-बोअरला पाणी असतं. तेच अंगण मे महिन्यात भकास दिसतं.

आणि कुंड्या. ज्या न्यायच्या असतील त्या पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी हलवा. ज्यांनी घर घेतलं त्यांच्या आई मागच्या दारी कढीपत्त्याचं पान चुरडून वास घेत बराच वेळ उभ्या होत्या, मग पायरीवरच्या मोगऱ्याजवळ बसल्या. इसाराच्या दिवशी आल्या तेव्हा भावाने ती कुंडी घरी नेलेली. व्यवहाराचं बोलणं सुरू व्हायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘इथला मोगरा कुठाय?’ भाऊ स्कूटरवर जाऊन घेऊन आला, तेव्हा कुठे पुढचं बोलणं झालं.