वाचकांचे प्रश्न : घुमणारा खोका आणि तानपुऱ्याचा खरज

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहतो. साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा) आणून मी ओळखीच्या सुताराकडून दोन खोके करवून घेतले. प्रत्येक खोक्याचे आतले आकारमान सुमारे ३० लिटर आहे. वूफरसोबतच्या कागदावर एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४० आणि व्हीएएस २० लिटर असे आकडे आहेत. बाजारातल्या स्पीकरला असते म्हणून १८ मिलिमीटरच्या पुढच्या फळीला ७ सेंटिमीटर व्यासाचे भोकही पाडून घेतले. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकांची ध्वनिमुद्रणे लावली की तानपुरा आणि डग्गा घुमतात व गायक मागे पडतो. आत ग्लासवूल भरल्यास हा दोष जाईल का?

उत्तर : जाणार नाही. मात्र आपण आकडे कळवलेत हे फार चांगले केलेत, कारण त्यांच्यावरूनच दोष कुठे आहे ते सांगता येते. एफएस म्हणजे वूफरचा पडदा मोकळ्या हवेत ज्या कंपनसंख्येला सर्वांत सहज डोलतो ती संख्या, क्यूटीएस म्हणजे ते डोलणे किती आवरलेले आहे याचे माप, आणि व्हीएएस म्हणजे पडद्याच्या टांगणीइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर होते तो आकडा. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत या आकड्यांवरून खोक्याचे माप काढण्याची रीत बसवून दिली. त्यामुळे खोका वूफर ठरवतो, सुतार नव्हे. सुताराला यात बोल लावता येणार नाही, कारण सांगितलेले काम त्याने नीटच केलेले दिसते.

खोक्यातली हवा ही स्प्रिंग आणि भोकातली हवा हे तिला टांगलेले वजन, अशी कल्पना करावी. भोकाला आतून नळी जोडलेली नसल्यामुळे हे वजन फार हलके राहिले. आपल्या मापांवरून हिशेब केला, तर ही जोडी सुमारे ७० हर्ट्झला घुमते. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याची खरजाची तार सुमारे ६९ हर्ट्झ. खरज लागला की आपला खोका नेमका त्याच्याच सुरात सूर मिसळतो, आणि डग्ग्याची घुमारही त्याच परिसरात असल्याने तीही फुगते. शिवाय ७० हर्ट्झच्या खाली भोक वूफरला कसलाच आधार देत नाही आणि पडदा नुसता फडफडतो. आवाज मोठा ठेवल्यास त्याला इजा होऊ शकते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे भोकावर आतून प्लायचा तुकडा व रबरी पट्टी लावून ते हवाबंद करणे. मग आपला खोका बंद जातीचा होतो. बंद खोक्यात व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागून त्यात १ मिळवायचा, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने क्यूटीएसला गुणायचे. आपल्या बाबतीत उत्तर, म्हणजे खोक्यात बसवल्यावर पडद्याचे डोलणे किती आवरलेले आहे याचे माप, ०.५२ येते. ०.७ हा सर्वसाधारणपणे पसंत केला जाणारा आकडा असून त्यासाठी साडेनऊ लिटरचाच खोका पुरला असता. ३० लिटरमध्ये खर्ज (खालच्या सुरांचा भाग) किंचित सडपातळ होतो आणि सुमारे ७७ हर्ट्झला ३ डेसिबलने उतरतो, पण तो अतिशय स्वच्छ असतो. ख्याल ऐकण्यासाठी मला स्वतःला हाच उपाय आवडतो.

खर्ज अधिक खोल हवा असल्यास भोकात आतून ७ सेंटिमीटर व्यासाची पीव्हीसी नळी बसवावी. फळीच्या जाडीसह तिची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर ठेवल्यास खोका ३८ हर्ट्झच्या आसपास जुळतो, म्हणजे त्या सुराला घुमतो. नळीचे आतले तोंड आणि मागची फळी यांच्यात निदान ७ सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. नळी आधी थोडी लांब कापून मग तासत यावे.

जुळणी तपासण्यासाठी ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये १०० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर एकसर (सीरिजमध्ये) जोडावा, ट्वीटर सोडवून ठेवावा, फोनमधील ध्वनिजनकाने (ठरावीक कंपनसंख्येचा सूर देणाऱ्या ॲपने) २० ते १५० हर्ट्झपर्यंतचे सूर हळू आवाजात एकेक करून द्यावेत आणि वूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरवर लिहून घ्यावा. मल्टिमीटरला २ व्होल्ट एसीची श्रेणी हवी. भोक असलेल्या खोक्यात व्होल्टेजची दोन शिखरे दिसतात आणि त्यांच्यामधल्या दरीचा आकडा हीच खोक्याची जुळणी. आज आपणास ती दरी ७० च्या जवळ सापडेल. बंद खोक्यात शिखर एकच येते. दोन दिसली, तर कुठून तरी हवा निसटते आहे असे समजावे.

राहिला ग्लासवूलचा प्रश्न. मागच्या फळीवरून परतून पडद्यातून बाहेर येणारा मधल्या पट्टीतला आवाज शोषण्यापुरता त्याचा उपयोग आहे. नळी असेल तर त्याचे तंतू बाहेर उडतात. त्यापेक्षा उशीत भरतात तो कृत्रिम कापूस भिंतींना चिकटवावा.

प्रश्न : पुण्यातील पावसाळ्याचा विचार करता एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) घ्यावे की प्लाय? (धायरी)

उत्तर : आवाजाच्या दृष्टीने १८ मिलिमीटरचे दोन्ही चालतात. एमडीएफ कापलेल्या कडांमधून ओल पिते आणि फुगते, म्हणून त्या कडा रंगापूर्वी सीलर लावून बंद कराव्यात. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये प्लाय घेताना कडेकडून पाहावे. थरांमध्ये पोकळी दिसली तर ते खोक्यात खुळखुळते.

प्रश्न : आमची खोली १० बाय १२ फुटांची असून स्पीकर कोपऱ्यांत आहेत. दिवाण भिंतीला लागून आहे. खर्ज फार येतो. सतरंजी आणि जाड पडदे लावूनही फरक पडला नाही. (कोथरूड)

उत्तर : पडणारही नव्हता. १२ फूट लांबीत पहिली स्थिरलहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये आपटत उभी राहणारी आवाजाची लहर) ४७ हर्ट्झला आणि १० फुटांत ५६ हर्ट्झला उभी राहते. ४७ हर्ट्झची लहर सात मीटरहून लांब असते. तिला सतरंजी कळतसुद्धा नाही. सतरंजी फक्त वरचे स्वर मऊ करते. या लहरींचा दाब भिंतीशी सर्वाधिक आणि मध्यावर सर्वांत कमी असतो, शिवाय कोपरा स्पीकरच्या खर्जाला आणखी उचलतो. म्हणजे आपण वाढवणाऱ्या जागी स्पीकर ठेवून वाढलेल्या जागीच बसून ऐकता.

दिवाण भिंतीपासून दोन फूट तरी पुढे घ्यावा. स्पीकर कोपऱ्यातून काढावेत आणि मागच्या व बाजूच्या भिंतीपासूनची अंतरे सारखी ठेवू नयेत. नेमकी जागा शोधण्याची एक युक्ती आहे, जरी घरातील मंडळी हसली तरी ती करावी. एक स्पीकर दिवाणावर, आपले डोके असते तिथे ठेवावा, खर्जाची ओळखीची चीज लावावी आणि स्पीकर ज्या भागात ठेवता येतील तिथे खाली वाकून फिरत ऐकावे. जिथे सूर न फुगता सारखे ऐकू येतील तिथे खडूने खूण करावी आणि स्पीकर तिथे आणून ठेवावा. दुसरा स्पीकर दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे तेवढ्याच अंतरांवर ठेवून ट्वीटर कानांच्या उंचीवर येईल असे स्टूल घ्यावे.