कुष्ठरोगातून बरे झाल्यानंतरचे वंध्यत्व

प्रश्न : माझ्या पतींना लग्नापूर्वी कुष्ठरोग झाला होता. बारा महिने औषधे घेऊन ते पूर्ण बरे झाले. लग्नाला चार वर्षे झाली, पण मूल नाही. माझ्या तपासण्या व्यवस्थित आल्या. त्यांच्या वीर्यात मात्र शुक्राणू जवळजवळ नाहीत. याचा जुन्या आजाराशी संबंध असेल का? आणि मूल झालेच, तर त्यालाही हा रोग होईल का?
– एक वाचक

उत्तर : संबंध असू शकतो, म्हणून तुमच्या वंध्यत्वतज्ज्ञांना हा पूर्वेतिहास अवश्य सांगा, पुष्कळदा तो विचारलाच जात नाही.

नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांत, म्हणजे त्वचा, वरवरच्या नसा, नाकाचा आतला भाग आणि कानाच्या पाळ्या येथे, अधिक वाढतो. शुक्राणू तयार व्हावेत यासाठी पुरुषाची वृषणेही उरलेल्या शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असतात आणि तेच त्या जंतूला मानवते. बारा महिन्यांचा उपचार प्रामुख्याने जंतूंचे प्रमाण जास्त असलेल्या प्रकारासाठी देतात, आणि वृषणांना धोका असतो तो मुख्यतः याच प्रकारात. त्यातच उपचारादरम्यान किंवा नंतर ताप, अंगावर लाल दुखऱ्या गाठी आणि वृषणांना सूज अशी, जंतूंविरुद्ध शरीराचीच, ‘रिअ‍ॅक्शन’ आली, तर शुक्राणू तयार करणाऱ्या नलिकांमध्ये व्रणपेशी वाढून त्या कायमच्या निकामी होऊ शकतात. तसे काही झाले होते का, हे पतींना जरूर विचारा. औषधांनी जंतू मरतात, आधीच झालेली ही हानी मात्र भरून येत नाही.

वीर्यतपासणी पुन्हा एकदा करावी आणि सोबत एफएसएच व एलएच (वृषणांना चालना देणारी संप्रेरके) आणि टेस्टोस्टेरॉन (वृषणांत तयार होणारे पुरुषी संप्रेरक) यांची रक्ततपासणी करावी. एफएसएच बरेच वाढलेले असेल, तर दोष बहुधा वृषणातच आहे असे समजते. थोडे जरी शुक्राणू मिळाले, तरी इक्सी पद्धतीने, म्हणजे एकच शुक्राणू बीजांडात सोडून, गर्भधारणेचा प्रयत्न करता येतो. येथे एक कळकळीची सूचना : ताकद येईल म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने परस्पर घेऊ नयेत, कारण बाहेरून दिलेल्या या संप्रेरकामुळे उरलीसुरली शुक्राणुनिर्मितीही थांबते.

जगात २०२३ मध्ये कुष्ठरोगाचे सुमारे १ लाख ८३ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत पुरुष अधिक होते. हातापायांची व डोळ्यांची दिसणारी विकृती या नोंदींत मोजली जाते, वृषणांची हानी मात्र मोजली जात नाही. माझ्या मते रोगप्रसाराच्या अभ्यासातली ही गंभीर उणीव आहे.

मुलाविषयी निश्चिंत असा. हा रोग आनुवंशिक नाही, आणि पूर्ण उपचार घेतलेल्या व्यक्तीकडून तो पसरत नाही. मात्र संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच, क्वचित वीस वर्षेही लागतात. म्हणून उपचारापूर्वी पतींसोबत एका घरात राहिलेल्यांनी त्वचेची आणि नसांची तपासणी करून घ्यावी.