‘जिन्यावरून पडले’ असे केसपेपरवर लिहिले गेले असेल तर

आपण लिहिले आहे की सहा दिवसांपूर्वी पतीने मारहाण केली, सिडकोतील दवाखान्यात सासूबाई शेजारी असल्याने आपण ‘जिन्यावरून पडले’ असे सांगितले आणि आता तक्रारीला उशीर झाला का, ही शंका आहे. ताई, वाचताना मला माझाच केसपेपर आठवला. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नाशिकमध्येच या वाटेने गेलेली बाई म्हणून सांगते.

माझ्या कागदावर ‘पाय घसरून पडल्याने’ अशी ओळ होती आणि दीर दाराशी उभा होता म्हणून ती मीच सांगितली होती. पुढे उलटतपासणीत माझ्या साऱ्या साक्षीपेक्षा त्या एका ओळीचाच कीस पाडला गेला. डॉक्टरांचा दोषही लहान नव्हता. दंडाच्या आतल्या बाजूस बोटांचे ठसे उमटावेत तसे गोल डाग पडल्याने सहसा होत नाहीत, तरी त्यांनी नुसते ‘मुका मार’ असे लिहिले. नेमकी जागा, लांबी-रुंदी, आकार, रंग यांतले काहीच नाही. मार कशाने आणि साधारण केव्हा लागला, हे न्यायवैद्यकात त्यावरूनच तर ठरवायचे असते.

जुना कागद फाडू नका, त्यात खाडाखोडही करवून घेऊ नका. आजच जिल्हा रुग्णालयात जाऊन एमएलसी (म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायच्या दुखापतीची रुग्णालयातली अधिकृत नोंद) नोंदवा आणि आधी खोटे का सांगितले, तेही हकिगतीत लिहून घ्यायला सांगा. मुक्या माराचा निळसर-जांभळा रंग पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास हिरवट आणि नंतर पिवळसर होतो, त्यामुळे अजून नोंदवण्यासारखे बरेच उरलेले असेल. मला मात्र एका रुग्णालयाने ‘आधी पोलिसांची यादी (म्हणजे तपासणीसाठीचे पोलिसांचे पत्र) आणा’ म्हणून दोन दिवस परत पाठवले. वास्तविक एमएलसी करून पोलिसांना कळवणे हे डॉक्टरांचेच काम. त्या दोन दिवसांत डाग पुसट झाले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

बरगडी दुखत असल्यास एक्स-रेचा आग्रह धरा, कारण हाड मोडलेले निघाले तर कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे १५ दिवस तीव्र वेदना राहणे किंवा नेहमीची कामे न करता येणे हेही त्यातच मोडते. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती. म्हणून दुखणे घरी सोसत बसू नका, फेरतपासणीला जाऊन दर वेळी त्याची नोंद करून घ्या. वकिलांचे मत वेगळे असेल तर त्यांचे ऐका. सोबत माहेरचे माणूस जरूर न्या, पण डॉक्टरांना हकिगत सांगताना त्यालाही बाहेर बसवा.