ओपन-बॅक हेडफोनची तुलना करताना आवाज आणि आराम वेगळे काढू नका

तुमचा प्रश्न असा: सेनहायझर एचडी ६००, बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, एकेजी के७०२ आणि हायफायमॅन सनडारा यांपैकी एक घ्यायचा आहे, चष्मा आहे, दिवसाला चार-पाच तास ऐकणं होतं, तर आवाज आणि आराम यांची तुलना कशी करायची?

पहिली गोष्ट, या दोन्ही गोष्टी ठरतात एकाच जागी: पॅड तुमच्या डोक्यावर कसं बसतं तिथे. ओपन-बॅकमध्ये ड्रायव्हरच्या (आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या) मागे बंद डबी नसून जाळी असते. ड्रायव्हरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागे नेमका उलटा दाब तयार होतो. पॅड आणि गाल यांच्यामध्ये फट राहिली की पुढचा दाब त्या फटीतून निसटतो आणि खालचे स्वर, म्हणजे बेस, पातळ होतात. वरच्या स्वरांवर, म्हणजे ट्रेबलवर, त्या फटीचा परिणाम बराच कमी. त्यामुळे ‘याला बेस नाही’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, चष्म्याची काडी किती जाड आहे?

दुसरीकडे पॅडचा फोम दबला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो. तेव्हा कानाची पाळी आतल्या जाळीला टेकून दुखते, आणि अंतर बदलल्यामुळे मधले-वरचे स्वरही बदलतात. दुखणं आणि आवाज बिघडणं, कारण एकच.

तुलनेत सगळ्यात जास्त फसवणूक आवाजाच्या पातळीतून होते. दोन हेडफोनमध्ये एक-दोन डेसिबलचा फरक असला तर जो मोठा वाजतो तो आपल्याला ‘स्पष्ट’ वाटतो, मोठा वाटतच नाही. म्हणून आधी पातळी जुळवा. जाड पुठ्ठ्याला फोनच्या माइकएवढं भोक पाडा, इअरकप पुठ्ठ्यावर सपाट ठेवा, भोकाला खालून माइक लावा आणि आवाज मोजणारं कुठलंही अ‍ॅप चालू करा. ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खरखराट) वाजवा आणि प्रत्येक हेडफोनसाठी व्हॉल्यूम कुठे ठेवला की तोच आकडा येतो ते लिहून ठेवा. अ‍ॅपचा आकडा खरा नसला तरी चालेल, आपल्याला फक्त फरक हवा आहे. एकाच १००० हर्ट्झच्या सुरावर जुळवू नका. एखाद्या हेडफोनला नेमका तिथे खड्डा असला तर सगळं गणित चुकतं.

मग ऐका, पण झटपट अदलाबदल करून नाही. ट्रेबल चढवलेल्या हेडफोनवरून उतरून लगेच दुसरा लावला की चांगला हेडफोनही घोंगडीखालून वाजल्यासारखा वाटतो. प्रत्येकाला निदान पंधरा-वीस मिनिटं द्या. ऐकायला पूर्ण ओळखीची तीन-चार रेकॉर्डिंग पुरतात. डग्ग्यावर हात घासत नेल्यावर स्वर खालून वर सरकतो. तो सलग ऐकू येतो की मध्येच एखादी जागा फुगते, यावर बेसचा समतोल कळतो. तंबोऱ्याची जवारी आणि टाळ्यांचा कडकडाट यांत ट्रेबलचे काटे उघडे पडतात. गाणाऱ्याचा ‘स’ टोचत असेल तर तो तासाभराने जास्तच टोचणार, कमी नाही.

आता तुमच्या यादीकडे. एचडी ६०० हा १९९७ पासून चालत आलेला, ३०० ओहम इम्पिडन्सचा (विद्युत विरोधाचा), साधारण २६० ग्रॅम वजनाचा. माणसाचा आवाज यावर जितका खरा वाटतो तितका या यादीत दुसऱ्या कशावर नाही, हे माझं ठाम मत. अगदी खालचा बेस उतरता आहे आणि साउंडस्टेज, म्हणजे आवाज किती पसरलेला भासतो ते, अरुंद. मात्र नवा असताना पकड घट्ट असते. चष्म्याची काडी कानाच्या वर कवटीत रुतते. यावर उपाय आहे: हेडबँडच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढा आणि उघडी पडलेली धातूची पट्टी दोन्ही हातांनी थोडी थोडी बाहेर वाकवा. प्लास्टिकच्या सांध्यावर जोर देऊ नका, तो तडकतो.

डीटी ९९० प्रोची मखमली पॅड चष्म्याला फार सोयीची, वजन २५० ग्रॅमच्या आसपास. पण ८००० हर्ट्झच्या आजूबाजूला ट्रेबलचा उंचवटा आहे. तो इक्वलायझरने (ठरावीक स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) नक्की उतरवता येतो: हलक्या आवाजात ५००० ते १०००० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश फिरवा, जिथे अचानक टोचेल तिथे चार-पाच डेसिबल कमी करा. प्रत्येकाच्या कानात ती जागा थोडी वेगळी पडते, म्हणून दुसऱ्याची सेटिंग जशीच्या तशी उचलू नका.

के७०२ चारांत हलका, सुमारे २३५ ग्रॅम, आणि साउंडस्टेज रुंद. काही प्रतींत हेडबँडच्या चामड्याखाली उंचवटे असतात. केस विरळ असतील तर तासाभरात टाळूवर त्यांचे ठिपके जाणवतात. बेस हलका.

सनडारा प्लॅनर जातीचा, म्हणजे पातळ पडदा पूर्ण पृष्ठभागावर ढकलला जातो. बेस बराच खालपर्यंत सपाट जातो, डग्ग्याचा घुमारा इथे भरीव. पण वजन ३७२ ग्रॅम. दुकानात दहा मिनिटांत हे वजन कळत नाही, दुसऱ्या तासाला मानेला कळतं.

अँपबद्दल (हेडफोनला जोर देणाऱ्या अँप्लिफायरबद्दल) थोडक्यात. डीटी ९९० प्रोही साधारणपणे २५० ओहमचा मिळतो, त्यामुळे तो आणि एचडी ६०० यांना व्होल्टेज लागतं, सनडाराला करंट. व्हॉल्यूम शेवटाला नेऊनही हळू रेकॉर्ड केलेलं संगीत अपुरं वाटलं तरच अँप घ्या. अँपचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या बाहेर पडण्याच्या बाजूचा विरोध) मात्र बघा: एचडी ६०० चा स्वतःचा इम्पिडन्स १०० हर्ट्झजवळ खूप वर चढतो, त्यामुळे जास्त आउटपुट इम्पिडन्सच्या अँपवर तिथला बेस फुगतो. प्लॅनरला हा त्रास जवळपास नाही.

चष्मा आणि चार-पाच तास हे धरून मी डीटी ९९० प्रो इक्वलायझरसह सुचवेन. इक्वलायझर लावणं नको असेल तर पकड सैल केलेला एचडी ६००. घरात दुसऱ्या कुणाला शेजारी बसून काम करायचं असेल तर मात्र चारांतला एकही नको, बाहेर सगळं ऐकू जातं. माइकवर रेकॉर्डिंग करायचं असेल तरी तेच, हेडफोनचा आवाज माइकमध्ये शिरतो.

वापरलेला घेणार असाल तर चपटी झालेली पॅड लावून त्याच्या आवाजाबद्दल मत बनवू नका. नवी पॅड लावा, ड्रायव्हरसमोरची पातळ फोमची चकती जागेवर आहे ना ते बघा, आणि पॅड त्याच कंपनीची घ्या. बाजारातली जाड चामडी पॅड मऊ लागतात, पण आत हवा कोंडते, कान तापतात आणि बेस वाढून आवाजाचा तोल बदलतो. डीटी ९९० प्रोची मखमली पॅड काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.