सायकलला घरच्या घरी एलईडी हेडलाइट कशी बनवायची? रात्रीच्या लाइटच्या पाळीला शेतात जावं लागतं

लई सामान लागत नाही. १ वॉटचा पांढरा एलईडी (गोल अ‍ॅल्युमिनियम प्लेटवर बसवलेला मिळतो तोच), वर बसणारी लेन्स, १८६५० सेल (चार्ज होणारा गोल लिथियम सेल), स्विच अन् टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल. मॉड्यूल प्रोटेक्शनवालंच (सेल जास्त उतरू न देणारं) घ्या, त्याला सेल जोडायचे B+ अन् B- सोडून आउटचे (OUT+ अन् OUT-) दोन पॉइंट वेगळे असतात, लाइट तिथूनच काढायची.

आता खरी गंमत रेझिस्टरची (करंट आवरणारा छोटा पार्ट), बरेच जण सेल डायरेक्ट जोडतात अन् मग एलईडी उडाला म्हणून बोंबलतात. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, एलईडीला पाहिजेत ३.२ च्या आसपास, मधला १ व्होल्ट कुठंतरी खपवावा लागतो ना, म्हणून ३.३ ओहमचा १ वॉटवाला रेझिस्टर सिरीजमध्ये (एलईडीच्या एका वायरीत मधे) टाका, फुल चार्जला करंट ३०० मिलीअँपिअरच्या आसपास राहतो. २००० एमएएचचा सेल सहा-सात तास आरामात जातो, सेल उतरत जाईल तसा उजेड मात्र मंद होत जातो.

बॉडीला स्प्रिंकलरच्या पाइपाचा तुकडा अन् एंड कॅप चालते, पण एलईडीमागं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पाहिजेच, तापतो तो. आपल्याकडं उन्हाळ्यात सायकल उन्हात उभी करायची असंल तर सेल काढून घरात ठेवा. फोकस जरा खाली धरा, समोरच्याच्या डोळ्यावर मारू नका.