वाचकांचे प्रश्न : सुट्या पेशी एकमेकींना धरतात कशा?

प्रश्न : आमच्या सुपारीच्या वाडीत पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर पिवळाधमक, लिबलिबीत थर पसरतो. तो स्लाइम मोल्ड असावा, असे कळले. या जीवाच्या सुट्या पेशी चिकटून एक देह तयार होतो, असेही वाचले. त्या कशाने चिकटतात आणि नुसत्या चिकटण्याने पुढची वाढ कशी होते?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपण पाहिलेला जीव आणि आपण वाचलेला जीव बहुधा वेगळे आहेत. ओंडक्यावरचा पिवळा थर म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच अवाढव्य पेशी असते. तिथे चिकटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसऱ्या प्रकारचे स्लाइम मोल्ड म्हणजे माती आणि पातेऱ्यात जिवाणू खाऊन जगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सुटे अमीबा. त्यांतली सर्वाधिक अभ्यासलेली जाती, डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम, केनेथ रेपर यांना १९३३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलात सापडली.

अन्न संपले की हे अमीबा सायक्लिक एएमपी या रेणूचे स्पंद साधारण सहा-सहा मिनिटांनी सोडतात आणि त्या खुणेने हजारो पेशी, कधी लाखभरही, एका जागी सरकू लागतात. चिकटवणारी प्रथिने याच काळात एकामागून एक पृष्ठभागावर येतात. पहिल्या काही तासांतले प्रथिन कॅल्शियमवर अवलंबून असते. कॅल्शियम काढून घेतले की त्याची पकड सुटते. त्यानंतरचे ‘जीपी ८०’ कॅल्शियमविनाही काम करते आणि समोरच्या पेशीवरच्या जीपी ८० लाच धरते. विशेष म्हणजे, ज्या स्पंदांमुळे पेशी जवळ येतात, तेच स्पंद त्याची निर्मितीही वाढवतात. जर्मनीत ग्युंटर गेरिश यांनी प्रतिपिंडांचे तुकडे वापरून ही पकड अडवून दाखवली होती.

जीपी ८० नसलेल्या पेशी प्रयोगशाळेतील ‘आगर’ या जेलीसारख्या पदार्थाच्या गुळगुळीत थरावर बऱ्यापैकी वाढतात, त्यामुळे हे प्रथिन अनावश्यक वाटू शकते. मातीत मात्र, नेहमीच्या पेशींबरोबर मिसळल्या असता, त्या एकत्र येणाऱ्या रांगांमधून मागे राहतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण प्रथिनाची खरी गरज तो जीव जिथे राहतो तिथेच कळली.

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचे उत्तर टीजीआर-बी१ आणि टीजीआर-सी१ या प्रथिनांच्या जोडीत आहे. एका पेशीवरचे बी१ दुसरीवरच्या सी१ ला धरते. सी१ नसेल तर पेशी गोळा होतात, पण ढिगाऱ्याच्या अवस्थेतच अडकतात. म्हणजे ही पकड केवळ डिंकासारखी नसून, शेजारी कोण आहे हे कळवून पेशीला पुढच्या अवस्थेकडे नेणारा तो संकेतही आहे. ही दोन्ही प्रथिने वाणागणिक बदलतात आणि जुळणारी जोडी नसेल तर दोन वाणांच्या मिसळलेल्या पेशी वेगळ्या होतात.

ही ओळख इतकी काटेकोर का, हे शेवटच्या टप्प्यात उमगते. ढिगाऱ्यातून काही मिलिमीटर लांबीची, उजेडाकडे सरकणारी गोगलगायीसारखी आकृती आणि सुमारे २४ तासांत देठावरचा बीजाणूंचा गोळा तयार होतो. त्या देठासाठी साधारण पाचव्या हिश्श्याच्या पेशी मरतात. आपल्या वाणाच्या पेशी बीजाणू होणार असतील, तरच त्या मरणातून त्यांची जनुके पुढे जातात.