ट्रंकेतला फौजी फोटो

वाडा रिकामा करताना ट्रंकेत गणवेशातल्या आजोबांचा जुना फोटो सापडला, हे तुमच्या पत्रात वाचून फार आनंद झाला. पण तो लगेच पुसायला घेऊ नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. कडेला दिसणारी चंदेरी झाक म्हणजे मळ नव्हे, छपाईतली चांदीच वर आलेली असते. पुठ्ठ्यावरूनही फोटो सोडवू नका. स्टुडिओचं नाव बहुधा तिथेच असतं.

आता आजोबांची पलटण आणि फोटोचा काळ ओळखायला भिंग घ्या. टोपीच्या बिल्ल्यात बिगुल असेल तर मराठा लाइट इन्फन्ट्रीची शक्यता आहे, पण बिगुल इतर पलटणींच्याही बिल्ल्यांवर असतो, म्हणून खालची अक्षरं वाचा. राजमुकुट दिसला तर फोटो बहुधा १९५० पूर्वीचा, अशोकाचे सिंह दिसले तर त्यानंतरचा. छातीवर सहा टोकांचं ताऱ्यासारखं पदक असेल तर आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. मात्र तो फोटो युद्ध संपल्यावर काढलेला, कारण ती पदकं नंतर वाटली गेली. घरच्या आठवणीपेक्षा मी बिल्ल्यावर जास्त भरवसा ठेवतो.

ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारी नोंदवही), पेन्शनचे कागद, मनिऑर्डरच्या पावत्या रद्दीत देऊ नका! सेवा क्रमांक त्यांतच मिळतो, आणि तो हाती असला, नि पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीच निघाली, की तिच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिता येतं. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

फोटोच्या मागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलनं, कोपऱ्यात. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्क आत्याला फोटो याच आठवड्यात दाखवा.